पत्र्यावर वाळवलेले मासे

माझा स्वभाव संशयी आहे, नाकारत नाही. भाजीवाल्याची तागडी मी आजही खालून बघते.

नव्वदच्या दशकात आम्ही खोडदला राहायचो. माझी लेक लहान होती. दिवसा तिला नीट दिसायचं, पण दिवेलागण झाली की अंगणातल्या खाटेला धडकायची. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी औषध पाजलं आणि बजावलं, "पोरीला बारीक मासे खाऊ घाला. हयगय केलीत तर डोळे जातील."

येडगाव धरणावरचा मासेवाला दर सोमवारी सायकलवर यायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातीच्या नावानं मासे घ्यायच्या. मी दिवसभर शेतात, त्यामुळं भरवायच्याही त्याच. काही महिने बरे गेले आणि पोरगी पुन्हा चाचपडायला लागली. मासे रोज खाऊन असं कसं होईल? नक्की कुंपणच शेत खातंय, मी ठरवून टाकलं. मासे स्वतःच्या लेकाच्या ताटात जात असणार. मी भांडी हुंगायचे, पोरीला आडून आडून विचारायचे.

शेवटी आत्याबाईंनाच डॉक्टरांपुढं नेलं. म्हटलं, होऊ दे एकदाचा उलगडा. डॉक्टरांनी विचारलं, "मासे करता कसे?"

"सोमवारी आमच्यात चुलीवर मासळी चढत न्हाई. मंगळवारपातूर टिकत न्हाई. मंग डोकी मोडायची, पोट साफ करायचं, मीठ लावून पत्र्यावर खडखडीत वाळवायचं. रोज थोडं देते, तिला एकलीलाच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. वाळवून अंगाची ताकद राहते, म्हणाले, पण डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व उन्हावाऱ्यानं उडून जातं. ते असतं माशाच्या डोळ्यांत आणि काळजात, आणि नेमकं तेच तुम्ही फेकता. त्यांनी पुन्हा औषध दिलं.

मला मात्र आत्याबाईंचं सगळं कुठं पटलं होतं? 'तिला एकलीलाच' असं बोलायला काय जातंय, असंच वाटत होतं.

पोरीचे डोळे पुढं सुधारले आणि टिकले. पण मला आठवतो तो त्यानंतरचा सोमवार. आत्याबाईंचा कडक उपास होता. त्यांनी परसात तीन दगड मांडले आणि ताजे मासे डोक्यासकट स्वतः शिजवले. जन्मभर पाळलेला नेम त्यांनी मोडला. मग ताट माझ्यापुढं सरकवलं.

"तूच भरव गं, तुझ्या हातानं. इतके दिस तुझ्या मनात काय व्हतं, ते मला कळत न्हवतं व्हय?"

मला त्यांच्याकडं बघवेना. पोरीनं तोवर घासासाठी तोंड उघडलं होतं.