वसंतरावांची मोजणी

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की आता यांची कबुली राहिलीच... सांगताना लाज वाटते, पण आलं ते तसंच आलं. मी जात्याच संशयी. भाजीवालीचा तराजू रिकामा असतानाही निरखून घेणारा.

वसंतराव मूळचे चाकूरचे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं जुनं नांदेड पायी पालथं घालायचो. गोदावरीच्या घाटावरून निघून बोळाबोळांतून गुरुद्वाऱ्यापर्यंत, वाटेत दोनदा चहा. कुठल्या दाराला निजामाच्या काळातली कडी उरलीय, ते कडी वाजवून दाखवायचे आणि आतला माणूस बाहेर आला की मला पुढे करायचे. पुढे पुढे मात्र ते गप्प झाले. चालताना ओठ हलायचे. कान दिला तर आकडे! "एकोणीस... वीस... हितं पायरी."

तेव्हा आमच्या गल्लीत रस्ता रुंद होणार अशी कुजबुज होती आणि माझं घर अगदी तोंडावर. विचारलं तर हसून म्हणाले, "कायबी न्हाई सर, जुनी खोड हाय." हे कुणासाठी तरी माझंच घर मोजतायत, या विचारानं माझं डोकं फिरलं. त्यात शेजारच्या शिंप्यानं भर घातली, "सर, तो माणूस रोज येऊन मोजून राहिला. सांभाळा." मी रविवारचं फिरणं बंद केलं.

एका सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. वसंतराव आले, थांबले, दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, बघू कशी नजर मिळवतो. थोडा वेळ थांबून ते तसेच निघून गेले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझी खात्रीच पटली.

ते गेल्यावर महिनाभरानं त्यांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेलो.

"भाऊजी, त्यांची नजर चालली होती. शेवटी तर निसत्या सावल्या. म्हणून थोडंफार दिसतंय तोवर सगळं गाव पावलांनी पाठ केलं. सरांना सांगू नको म्हणले, फिरायचं सोडून मलाच सांभाळत बसतील."

मी विचारलं, "माझ्या घरापर्यंतचं?"

"ते तर लई पक्कं होतं. महिनाभर जात होते. परत आले की म्हणायचे, सर ओट्यावर असते तर त्यांनी हाक मारलीच असती... गावाला गेले असतील."