भिंतीवरची कसर

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. सोलापूरच्या उन्हात दुपारी सगळी गल्ली आडवी होते, तेव्हा मी केरसुणी घेऊन भिंती झाडत असते. कसरीशी माझी ओळख अशी झाली.

भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी भिंतीला चिकटलेली दिसते. जरा थांबून पाहिलं की एका टोकातून बारीक अळी डोकं काढते आणि अख्खं घर ओढत चालू लागते. पुढे तिचाच पतंग होतो, मातकट, नखाएवढाही नाही, पंखांवर काळपट ठिपके. कपाटामागे, जळमटांखाली तिचा मुक्काम. घरातले केस, धूळ, दोरे चिकटवून ती पिशवी दोन्ही टोकांना वाढवत नेते.

आमच्या कसरी मात्र रंगीत. नवरा एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला. तो सायकलवरून घरी यायचा तो भुवयांत, कानांत सुताची लव घेऊनच. शर्ट झटकला की ती घरभर. मागावर लाल माल असला की पिशव्यांना लाल पट्टा. मी करवादायचे. तो हसायचा, "बघ की, तुझी कसरबी नटली!"

यंदा पिशव्या मधे हिरव्या आणि दोन्ही टोकांना राखाडी दिसायला लागल्या, म्हणजे नवी वाढ नुसत्या धुळीची. केरसुणी हातातच राहिली. नवरा रोज डबा घेऊन जात होता, वेळेवर परत येत होता. मग लव गेली कुठं? दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दारापर्यंत जायचं, परत यायचं. भात करपला, तोही वासावरून कळला.

संध्याकाळी मी विचारलं, "काम बरं चाललंय ना?"

"व्हय, लई काम हाय की," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दोन्ही खांद्यांवर हिरवी लव होती. भुवया स्वच्छ, कान स्वच्छ. कुठल्या तरी चालू कारखान्याच्या दारातून मूठभर उचलली असणार. मला संताप यायला हवा होता. आलं ते रडू.

"अहो, उद्या डबा भरत नाही," मी म्हटलं. "घरीच गरम जेवा."

तो सायकलची किल्ली हातात धरून उभाच राहिला. "कारखाना बंद झालाय हे कुणी सांगितलं तुला?"

मी भिंतीकडे पाहिलं. तो खाली बसला आणि खांद्यावरची लव चिमटीनं काढून तळहातावर ठेवायला लागला.