उंदराचं औषध आणि खर्रा

कुरखेड्यात आमच्या घराजवळच्या किराणा दुकानात उंदराचं औषध मागितलं की आधी जबानी द्यावी लागते. दुकानवाले भाऊ पुडीवर हात ठेवून विचारतात, “घरी भांडणगिंडण त नाई ना झालं, बाई?” मागे कोणीतरी रागाच्या भरात तसलं काही खाल्लं होतं, तेव्हापासून त्यांचा हा नेम. मी सांगायचं, “नाई जी, धानाच्या पोत्यांले उंदीर लागले.” मग लेकरांपासून दूर ठेवा, हात साबणानं धुवा, असं सारं बजावून पुडी देणार. मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

पण हेच भाऊ संडास धुवायचं तेजाब कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देतात, तेव्हा ‘बूच घट्ट लावा’ यापलीकडे चकार शब्द नाही. संध्याकाळी दही मागितलं की मात्र खोकल्यावर भाषण! आणि खर्रा? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घसाघसा घोटायचा, गाठ मारायची, पुढचं गिऱ्हाईक. सिगारेटच्या पाकिटावर निदान सडक्या तोंडाचं चित्र तरी असतं. या पन्नीवर काय असणार, कपाळ!

आमच्या ह्यांचा खर्रा तिथलाच. गडचिरोलीला डॉक्टरीण बाईंनी ह्यांना आ करायला लावलं, तर दोन बोटंही धड आत जाईनात. “आता सोडला नाही तर तोंड आवळतच जाईल, घास जाणार नाही,” त्या म्हणाल्या. हे दवाखान्याच्या पायरीवर आले आणि खिशातून खर्र्याची पुडी काढली. मी कपाळावर हात मारून घेतला.

परवा पुन्हा उंदराचं औषध आणायला गेले. भाऊंनी नेहमीचं विचारलं आणि माझं डोकंच सटकलं.

“भाऊ, याले इतकं विचारता, मंग खर्र्याले काऊन नाई विचारत?”

“त्याच्यानं कोनी तडकाफडकी मरते काय, बाई?”

“हळूहळू मेलं त चालते काय तुमाले?”

डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या तेही मी तिथेच सांगून टाकलं आणि औषध न घेताच घरी आले.

संध्याकाळी हे दारातूनच फणफणत आले. भाऊंनी चारचौघांत पन्नीवर हात ठेवून ह्यांना विचारलं होतं, “डाक्टर काय म्हन्ते?” आणि खर्रा न देता परत पाठवलं होतं.

“काय वं, दुकानात माही इज्जत काढून आली?”

मीही पदर खोचून उभी होते. ह्यांचा आवाज म्हणजे चार घरं पलीकडे ऐकू जाणारा. लग्न झालं तेव्हा मला त्याची धडकी भरायची, नंतर नुसता वैताग. हे ओरडायला गेले, पण जबडा अर्ध्यावरच अडला. पुन्हा जोर केला, आणि गाल दाबून मटकन खाली बसले.

“उघडून नाई राह्यलं वं,” हळूच म्हणाले.

माझा राग कुठच्या कुठे गेला. जन्मभर ज्या ओरडण्यानं माझे कान किटले, ते एकदा ऐकू यावं म्हणून मी त्यांच्यासमोर बसून रडले.