आवडाबाईचा अंगठा

माजिवड्याच्या आवडाबाईचा नवरा राघो खाडीत बुडाला, तेव्हा लक्ष्मी पाळण्यात होती. तेव्हापासून बाईने मिठागरावर स्वतःच्या हातांनी मीठ उपसावं, पाटी डोक्यावर घ्यावी आणि नौपाड्यात दारोदार मापाने विकावं. मालक नाही, मुकादम नाही. आता लक्ष्मी सातवीला होती आणि पुढे हायस्कुलात जायचं म्हणून आईचं डोकं खात होती.

अशा बायांसाठी सरकारला त्या साली पाझर फुटला. स्वतःचा धंदा करून मुलं शिकवणाऱ्या विधवेला वर्षाला साठ रुपये, तेही तिच्या नावाने बँकेत! श्रावणात मिठागरं बंद असतात. तेव्हा आवडाबाईने नौपाड्याच्या एका बँकेत जाऊन अंगठा उठवला आणि खातं काढलं. पैसे यायला चैत्र उजाडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, दुसरं काय!

पैसे आले, पण निघेनात. ऐन हंगामात मिठाने अंगठ्याच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. कारकून हरिहरपंतांनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली.

"बाई, हा अंगठा कागदावरच्या अंगठ्याशी जुळत नाही."

"दादा, यो आंगठा माजाच हाय. तुमच्या घरी अकरा वरसं मीठ घालते मी."

"ते घरी. इथे कागद काय म्हणतो ते पाहावं लागतं."

अकरा वर्षं याच पंतांनी मापावर वरची मूठ हक्काने मागून घेतली होती. तेव्हा बाई बरोब्बर ओळखू यायची. साक्षीदार चालला असता, पण तो बँकेचा खातेदार हवा. आणि सगळ्या माजिवड्यात बँकेची खातेदार एकच होती, ती म्हणजे आवडाबाई!

शेवटी पंतांनी अक्कल शिकवली. "दोन महिने मिठाला हात लावू नका. रेघा परत येतील."

शिकलेली माणसं सांगतात ते खरंच असणार, असं त्या भोळीला वाटलं. तिने अंगठ्याला खोबरेल लावलं, चिंधी बांधली आणि भर हंगामात घरी बसली. कोंबड्या विकल्या. मायलेकी पेजेवर राहिल्या. शाळेची फी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायची होती, आणि लक्ष्मी रोज सकाळी आईची चिंधी सोडून रेघा बघायची.

वैशाखात मदतखात्याचे साहेब चौकशीला आले. बाई दारात बसलेली, पाटी भिंतीला उपडी.

"धंदा काय करता?"

"मीठ इकते. पन आता बंद हाय. बँकेनंच सांगलंय."

साहेबांनी बँकेचं ऐकलं नाही, 'बंद' तेवढं ऐकलं. अर्जदार कोणताही धंदा करीत नाही, असं लिहून ते चहा न घेता गेले. तेवढीच काय ती त्यांची मेहेरबानी.

जूनच्या चार तारखेला आवडाबाई लक्ष्मीला घेऊन बँकेत गेली. पंतांनी नवाच कागद पुढे केला. तिने अंगठा उठवला. त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! तंतोतंत जुळला!"

"मंग द्या पैसं."

"पैसे कसले? धंदा नाही म्हणून सरकारने रक्कम परत मागवली. ती परत करायलाच तर हा अंगठा घेतला."

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्माला कशाला दोष द्यायचा? देणारा आणि नेणारा एकच होता, आणि मध्ये बसलेल्याला आपलं काम चोख झाल्याचं समाधान होतं.

कागदावर शिक्का मारता मारता पंतांना एकदम आठवण झाली.

"अहो बाई, दोन महिने फिरकला नाहीत. घरी मीठ संपलंय. पावसाआधी उद्याच पाटी घेऊन या."

आवडाबाईने पोरीकडे पाहिलं. लक्ष्मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"लक्षुमीला पाटी घेऊन धारते, दादा," ती म्हणाली. "आता तिला शाला नाय."