एका ट्रॉलीत तीन घरं

"मेलं कोण?" नागपूरहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला मी विचारलं. आमच्या राइस मिलच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी तरुणपणी व्हीबी या तेव्हाच्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिला होता. ट्रॉली काट्यावर चढली की वजन पडद्यावर यायचं आणि पावती निघायची. मिलमध्ये नवा कॉम्प्युटर आला, त्यावर तो धड चालेना, तर हे गृहस्थ त्याला मेलेला ठरवून मोकळे झाले.

"फेकून द्या ना बाप्पा, मॅडम. आमचं तयार सॉफ्टवेअर लावा. एक गाडी, एक नाव, एक पावती."

इथेच माझं डोकं फिरलं. एकोडीकडच्या गावांचं धान असं येतच नाही. तिकडे दोन-तीन घरं मिळून एक ट्रॉली करतात. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, गोदामात एका घराची पोती उतरतात, ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. जेवढं वजन घटलं तेवढं त्या घराचं. मग दुसरं घर. माझ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी 'पुढचं घर' असं एक बटण होतं. तयार सॉफ्टवेअरमध्ये सगळं धान एकाच नावावर पडणार होतं, आणि ते नाव त्यातल्या कुणा पुरुषाचंच असणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी मालकांना म्हटलं, हाच प्रोग्राम डॉट नेट या नव्या भाषेत नेते. "धान यायच्या आत करा," ते म्हणाले, "नाही तं तयारवालं लावून टाकू."

कोड आपोआप बदलून देणारं एक साधन वापरून पाहिलं. त्यानं चुकांचा असा ढीग घातला की मी हातानंच लिहायला बसले. काट्यावरचं वजन वाचणारा भाग तर मुळापासून लिहावा लागला. नवरा म्हणाला, "या वयात कायले डोकेफोड करून राहिली?" माझ्या वयाचं मी बघून घेईन, असं मी त्याला ऐकवलं. रागात होते, पण मजाही येत होती. "ते बटण गाळा, काम अर्धं होईल," असा सॉफ्टवेअरवाल्याचा फुकटचा सल्ला फोनवर आला. फोन ठेवून मी आधी तेच बटण लिहिलं.

प्रोग्राम काट्यावर बसला आणि हंगाम लागला. तीन घरांची एक ट्रॉली आली. पहिलं घर झालं. दुसऱ्याची पोती उतरवून ट्रॉली पुन्हा काट्याकडे वळली तशी मागची रांग तटली, हॉर्न सुरू झाले. आता उरली होती एका बाईची मोजकी पोती. मालक माझ्या काट्याच्या खोलीच्या खिडकीशी आले. "मॅडम, येवढ्याशा पोत्यांसाठी काहून थांबवता? हिच्या देराच्या नावात टाका."

दुसरं घर त्या दिराचंच. तोही म्हणाला, "हो जी, टाका. आमी घरी वाटून घेऊ."

"काहून?" बाई ट्रॉलीजवळूनच ओरडली. "रोवणा मी केला, कापणी मी केली. माहे पोते माह्या नावानं मोजा."

मी ट्रॉलीला काट्यावर यायची खूण केली. मग तिची पोती उतरली, रिकामी ट्रॉली मोजली, पावती निघाली.

तिनं ती घेतली. दिराला दाखवली नाही, मालकांनाही नाही. पोलक्यात खोचली आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याकडे वळून म्हणाली, "आता वाजव, किती वाजवतं तं!"