पाकटाचं औषध

"तुमच्या मुलखात माशाचा काटा आन् कोळ्याचा डंख एकच व्हय गं?" नागुबाईनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

सून मालुबाई सासूचं ताट वाढत होती. तिला सातवा महिना होता. लग्न होऊन घाट चढून मच्छे गावात आली, त्याला दोन वर्षं झाली. परत उतरली नव्हती. पहिल्या बाळंतपणाला तिला न्यायला भाऊ शामू वेंगुर्ल्याहून आला होता आणि ओसरीवर तिचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. मोटर दुपारची होती.

मालुबाई किनाऱ्यावर वाढलेली. उथळ पाण्यात पाकट मासा वाळूखाली पडून असतो, त्यावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. मग पाय सोसेल तितक्या कढत पाण्यात धरायचा, तासाभरात ठणका उतरतो. वडिलांचा पाय तिनं असा दोनदा धरला होता. म्हणून गेल्या महिन्यात शेण्यांच्या रचलेल्या ढिगात, हुडव्यात, हात घालताना सासूला तळव्याएवढा केसाळ कोळी डसला, तेव्हा शेजारणींचा हळदीचा लेप बाजूला सारून तिनं चुलीवरचं पाणी उतरवून सासूचा हात त्यात धरला. पाकटाचा ठणका उष्णतेनं उतरतो, कोळ्याचा उतरेना. तशी ती आणखी कढत पाणी ओतत गेली. सोसा आत्याबाई, आता उतरेल, म्हणत गेली. नागुबाईनं सोसलं. डंखाची सूज आठ दिवसांत गेली. हात मात्र भाजला, आणि बोटं आखडली ती कायमची.

"ते मुकं जनावर. डसलं आन् गेलं," नागुबाई म्हणाली. "तू मनगट दाबून बसलीस."

शामूनं हात जोडले. आई वाट बघतेय, खोली सारवून ठेवलीय, असं काहीबाही तो सांगू लागला. मालुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रवळू बैलाची वेसण वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

नागुबाईनं ताट मनगटानं सुनेकडं सरकवलं. मालुबाईनं भाकरी कुस्करली आणि घास तिच्या तोंडात दिला, महिनाभर देत होती तसा. सासूनं तो सावकाश चावून गिळला.

"शामूला जेवू घाला आन् मोटरीवर सोडा," ती घरादाराला म्हणाली. "ही जायाची न्हाय. बाळातपण हितंच हुईल. आन् बाळाच्या आदी घास मला."