ठिपकेबाई

विद्यापीठाच्या प्रबंध विभागात तिसऱ्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे ठिपकेबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पीएचडीचा प्रबंध परीक्षकांकडे जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. आतल्या ज्ञानाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुठलं इंग्रजी अक्षर कॅपिटल आणि कुठलं स्मॉल, एवढंच त्या बघत. प्रकरणाच्या नावात मुख्य शब्द कॅपिटल, मधले ‘ऑफ’ आणि ‘इन’ स्मॉल. पोटमथळ्यात फक्त पहिला शब्द कॅपिटल. आपली अक्षरं बिचारी एकाच रेघेला लटकून गुण्यागोविंदाने नांदतात. इंग्रजीला मात्र थोरलं कोण आणि धाकटं कोण, हे दर ओळीत ठरवावं लागतं.

चूक दिसली की बाई समासात लाल ठिपका देत. चूक काय, ते सांगत नसत. ‘डोळे दिलेत ना देवाने’ एवढंच म्हणत. माणसं एक ठिपका निस्तरायला जात आणि दोन नवे घेऊन येत. बाईंना त्यात सुख वाटे आणि ते लपवायची तसदीही त्या घेत नसत.

अशात त्यांच्या धाकट्या जावेचा प्रबंध खिडकीत आला.

दोघी एकाच घरात, थोरली खाली, धाकटी वर. धाकटी कॉलेजात तात्पुरती शिकवत होती. वर्ष संपायच्या आत पदवी मिळाली तरच नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. हे पक्कं ठाऊक असूनही बाईंनी पहिल्या फेरीत पानोपानी ठिपके दिले. धाकटीने निमूटपणे सगळं दुरुस्त केलं. पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदा बाईंनी कुठलं तरी जुनं परिपत्रक उकरून काढलं आणि स्वतःच बदलायला लावलेले मथळे पुन्हा होते तसे करायला सांगितले. हा शुद्ध खोडसाळपणा होता आणि तो बाईंनाही कळत होता.

पण हा राग उगीच आला नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, ती सगळी वर्षं त्यांचं हगणंमुतणं थोरलीने काढलं, नोकरी सांभाळून. हाक मारली की वरून ‘माझं लिखाण चाललंय हो’ ऐकू यायचं आणि दार लागायचं. खाली चादरी धुतल्या जात, वर प्रकरणं लिहिली जात. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांसमोर धाकटी डोळे पुसत म्हणाली, ‘आम्ही दोघींनी केलं त्यांचं.’ थोरली तेव्हा गप्प बसली, पण ते वाक्य तिने कधी गिळलं नाही.

तिसऱ्या फेरीनंतर धाकटी पुन्हा खिडकीशी आली. घरी जिन्यात रोज गाठ पडायची, पण हे बोलायला तिने ऑफिस निवडलं. मागे रांग उभी होती.

“जाऊबाई, आभाराच्या पानावर तुमचं नाव घातलं, तर सगळी अक्षरं जागेवर येतील ना?”

बाईंची कानशिलं तापली. कारण पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी तेच पान उघडलं होतं. मार्गदर्शक, नवरा, ग्रंथपाल, टायपिंगवाला, इतकंच काय, वरच्या मजल्यावरचं मांजरसुद्धा त्यात होतं. खालच्या मजल्यावरचं कुणी नव्हतं.

“घालून बघ,” त्या म्हणाल्या.

नवी प्रत आली. सासूबाईंची सेवा एकटीने करून मला लिहायला वेळ देणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, अशी ओळ होती आणि पुढे नाव. शब्दन् शब्द खरा. इतकी वर्षं बाईंना हेच ऐकायचं होतं, आणि ते आलं ते असं, रांगेत उभं राहून, गरजेपोटी अक्कल सुचावी तसं. त्यांनी उरलेला प्रबंध शेवटपर्यंत पाहिला. कुठेही चूक नव्हती. मग लाल पेन उचललं आणि त्या ओळीसमोर ठिपका दिला.

“इथे काय चुकलं?” धाकटीने विचारलं.

“डोळे दिलेत ना देवाने.”

राहू दे ही ओळ, नोकरी गेली तर गेली, एवढं ती म्हणाली असती तर बाईंनी तिथल्या तिथे शिक्का मारला असता. पेन खाली ठेवून त्यांनी शिक्का जवळ ओढलासुद्धा होता. धाकटीने प्रत उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रत आली. बाईंनी ते पान उघडलं. ओळ काढलेली होती, मांजर जिथल्या तिथे होतं. त्यांनी शिक्का मारला आणि धाकटीची नोकरी वाचली.

“आभारी आहे,” धाकटी म्हणाली. या खिडकीवर सगळेच तसं म्हणतात.

बाईंनी मान वर केली नाही. पुढच्याला बोलावलं.